पाटी हाती देण्यापूर्वी



जून महिना उजाडला की आपल्या अनेक घरांत एक नवे दप्तर येते. सहा वर्षांचे मूल पहिलीच्या वर्गात जाते आणि बहुधा त्याच सुमारास मक्तबमध्ये त्याचा नूरानी कायदाही सुरू होतो. एक लिपी डावीकडून उजवीकडे जाणारी, दुसरी उजवीकडून डावीकडे येणारी, आणि घरातील बोली या दोहोंहून निराळी. मूल लहान आणि त्याच्यापुढील काम मोठे! ते मागे पडू नये, या काळजीने आईवडील घरीही पाटी-पेन्सिल घेऊन त्याला समोर बसवितात. ही घाई प्रेमापोटीच असते. परंतु तिच्यात एक चूक दडलेली आहे, आणि ती चूक मी स्वतः केलेली आहे.

माझा थोरला मुलगा साडेपाच वर्षांचा असताना मगरीबच्या नमाजीनंतर मी त्याला रोज शिकवावयास घेत असे. आधी मुळाक्षरे, मग कायदा. चुकले की माझा आवाज चढे. मी त्याच्यावर हात उगारीत नसे, आणि एवढ्यावरच स्वतःला चांगला शिक्षक समजत असे. काही आठवड्यांनी मगरीबची अजान झाली की त्याच्या पोटात दुखू लागले. आम्ही औषध दिले, पथ्य पाळले, गुण येईना. अखेर एके दिवशी त्याची आई शांतपणे म्हणाली, “तुम्ही परगावी गेलात की नाही दुखत त्याचं पोट.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या अजानने मी साऱ्या मोहल्ल्याला अल्लाहच्या घराकडे बोलावतो, तिचीच धास्ती माझ्या मुलाच्या मनात बसली होती. चार अक्षरे लवकर यावीत म्हणून मी केवढी किंमत मोजायला निघालो होतो!

मग मी मदरशात शिकलेलेच पुन्हा नव्या नजरेने वाचू लागलो. मूल सात वर्षांचे झाले की त्याला नमाज पढण्यास सांगावे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे, आणि आपणा सर्वांना ती ठाऊक आहे. पण तिचा दुसरा अर्थ आपण क्वचितच ध्यानात घेतो. नमाजीसारख्या थोर इबादतीचा आदेश देण्यासाठीही सातव्या वर्षापर्यंत थांबायचे असेल, तर पाच वर्षांच्या मुलावर अक्षरांसाठी सक्ती करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? सात वर्षांपूर्वीचा काळ रिकामा नाही. तो पाहण्याचा, ऐकण्याचा, बरोबर राहण्याचा आणि खेळण्याचा काळ आहे.

प्रेषितांनी (स.) या वयाच्या मुलांना कसे शिकविले, तेही पाहा. अबू उमैर या चिमुकल्याचा पाळलेला पक्षी मेला, तेव्हा त्यांनी त्याच्याशी त्याच पक्ष्याविषयी यमक जुळवून बोलून त्याचे मन हलके केले. सजदा करीत असताना नातू पाठीवर चढला, तर त्याचा खेळ मोडू नये म्हणून सजदा लांबविला. घरात वाढणाऱ्या उमर इब्न अबी सलमा या मुलाचा हात जेवताना थाळीभर फिरत होता. त्याला बिस्मिल्लाह म्हणणे, उजव्या हाताने जेवणे आणि आपल्यासमोरचे घेणे या तीन गोष्टी तेथेच, जेवता जेवता शिकविल्या. त्या मुलाने मोठेपणी सांगितले की, तेव्हापासून आपली जेवण्याची रीत तीच राहिली. हा धडा दस्तरखानावर दिला गेला आणि आयुष्यभर टिकला.

आपल्या थोर विद्वानांचेही हेच मत आहे. इमाम गझाली यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात लिहिले आहे की, मक्तबहून परतलेल्या मुलाला मनाजोगते खेळू द्यावे. खेळ बंद करून सतत अभ्यासाला जुंपल्यास त्याचे हृदय मरते आणि बुद्धी मंदावते. इब्न खल्दून यांनी ‘मुकद्दिमा’मध्ये असे दाखवून दिले आहे की, धाकाने वाढविलेले मूल शिक्षेच्या भीतीने खोटे बोलू लागते आणि मनातले लपवू लागते. माझ्या मुलाचे पोट दुखणे याहून निराळे काय होते?

मग घरी करावे तरी काय? माझ्या घरात जे उपयोगी पडले, ते क्रमाने सांगतो.

पहिला धडा हाताचा. सहाव्या वर्षी मनगटाची हाडे पुरती घडलेली नसतात आणि बोटांत बळ कमी असते. म्हणूनच मूल पेन्सिल घट्ट आवळते आणि लवकर थकते. ओळीच्या ओळी गिरवून घेण्यापेक्षा त्याला वाटाण्याच्या शेंगा सोलू द्या, कोथिंबीर निवडू द्या, कणकेचा छोटा गोळा मळू द्या, दोऱ्यात मणी ओवू द्या. मग ओल्या मातीत किंवा परातीतल्या पिठात बोटाने मोठाले अक्षर काढू द्या. दोन लिप्यांचा गोंधळ होत असेल, तर मराठीच्या वहीवर डाव्या कडेला आणि उर्दू-अरबीच्या वहीवर उजव्या कडेला एक रंगीत ठिपका द्या. ‘ठिपक्यापासून निघायचे’ एवढेच मुलाला पुरते.

दुसरा धडा कानाचा. अक्षर डोळ्यांना दिसण्यापूर्वी त्याचा ध्वनी कानाला ओळखता आला पाहिजे. स्वयंपाक करता करता विचारा, “मीठ, मिरची, मसाला, सगळ्यांच्या आरंभी काय ऐकू येते?” मूल ‘म’ म्हणेल. “आणखी सांग!” ते मशीद म्हणेल, मांजर म्हणेल. पुढे कायद्यात ‘मीम’ आला की सांगा, हा तोच मिठातला ‘म’ आहे, त्याचा पोशाख तेवढा वेगळा. शब्दाच्या टाळ्या वाजवा: टो-पी, दोन, प-प-ई, तीन. या खेळाला पुस्तक लागत नाही.

तिसरा धडा मोजण्याचा. दस्तरखान घालण्याचे काम या वयाच्या मुलाला द्यावे. घरात माणसे सहा, दादा अजून कामावरून आले नाहीत, तर आता थाळ्या किती? ही वजाबाकीच आहे. धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणे, डाळीत मिसळलेले चणे वेगळे करणे, एक केळे दोघा भावंडांत सारखे वाटणे, हे सारे गणितच आहे. केळे सारखे वाटताना न्यायाचाही धडा मिळतो. मुलांमध्ये न्याय करा, अशी प्रेषितांची (स.) ताकीद आहे, ज्याला घरात न्याय मिळतो, तोच पुढे न्याय देतो. वजू करताना आधी हात, मग चूळ, मग नाक, असा क्रम आणि तीनपर्यंतची मोजणी आपोआप पक्की होते.

चौथा धडा गोष्टीचा आणि प्रश्नाचा. निजण्यापूर्वी हजरत युनूस (अलै.) आणि मासा, हजरत सुलेमान (अलै.) आणि मुंगी यांची हकीकत सांगा, मध्येच थांबा आणि विचारा, “मुंगीने बाकीच्या मुंग्यांना का सावध केले असेल?” उत्तर चुकले तरी चालेल, त्याला पूर्ण वाक्यात बोलू द्या. दिवसभरातील एक गोष्ट त्यानेही सांगावी आणि आपण मोबाईल बाजूला ठेवून ती ऐकावी.

येथे भाषेविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. शाळा मराठी आहे म्हणून काही आईबाप घरातील दखनी किंवा कोकणी बोली बंद करून तुटक्या पुस्तकी भाषेत मुलाशी बोलू लागतात. असे करू नये. माणसांच्या भाषांची विविधता ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक आहे, आणि प्रत्येक प्रेषिताला त्याच्या लोकांच्याच भाषेत पाठविण्यात आले, असे कुरआन सांगतो. नानीच्या बोलीत ज्याने भरपूर ऐकले व बोलले, त्याच्याजवळ विचारांची शिदोरी असते. शाळेची मराठी त्या शिदोरीवरच उभी राहते. घरातील ‘पानी’ आणि शाळेतील ‘पाणी’ यांची ओळख करून द्या. एकाची लाज वाटू देऊन दुसरे शिकवू नका. मी मराठी साहित्याचा विद्यार्थी आहे, आणि माझ्या मराठीचा पाया माझ्या दादीने मराठी नसलेल्या बोलीत घातला.

आपल्या महाराष्ट्राचा अनुभवही याला दुजोरा देतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. महागड्या साधनांच्या जागी त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे वापरले. २०२२ पासून सरकारी शाळांतून ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचे अभियान चालते. त्याच्या मेळाव्याला मुलासह जरूर जावे आणि वस्तीतील मातांच्या गटात सामील व्हावे.

एकदा मक्तबच्या दारात एका मातेने मला विचारले, “मौलाना, मला वाचता येत नाही. मी काय शिकवणार?” या लेखात सांगितलेल्या कामांकडे पुन्हा पाहा. शेंगा सोलणे, थाळ्या मोजणे, गोष्ट सांगणे, ऐकून घेणे: यातील कोणत्या कामाला आईचे वाचन लागते? अशिक्षित म्हणवून घेणारी ही माता पहिल्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. आणि पित्यांनो, हे काम केवळ तिचे नाही. रोजची पंधरा-वीस मिनिटे तुमच्याकडूनही मुलाचे देणे आहे.

माझ्या घरी मगरीबनंतरची पाटी आम्ही त्याच आठवड्यात बंद केली. त्या वेळी मुलगा आईबरोबर दस्तरखान घालू लागला आणि मी त्याच्या शेजारी बसून गोष्ट सांगू लागलो. अक्षरे त्याला यायची तेव्हा आली. इतर मुलांपेक्षा फारशी आधी नाही, फारशी नंतरही नाही. मात्र काही महिन्यांनी मगरीबची अजान होताच तो टोपी घेऊन माझ्याआधी दारात उभा राहिलेला मी पाहिला. मी त्याला बोलावले नव्हते.

या जून महिन्यात नवे दप्तर जरूर घ्या. पण पाटी हाती देण्यापूर्वी मुलाचा हात आपल्या हाती घ्या. अल्लाह आपल्या मुलांच्या ज्ञानात बरकत देवो आणि त्यांच्या मनातून भीती दूर ठेवो. आमीन.