स्पॉन लॅबसाठी बाटलीची झाकणं घेताय? आधी हे वाचा

मशरूमचं स्पॉन म्हणजे बियाणं घरच्या लॅबमध्ये कसं बनवायचं, हे आपण व्हिडिओत बघितलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते हेच, "सर, झाकण कुठलं घ्यायचं?"

प्रश्न छोटा वाटतो, पण माझी पहिली चाळीस बाटल्यांची बॅच झाकणांमुळेच गेली. झाकणं स्वस्तात मिळाली म्हणून मी खूश होतो. ऑटोक्लेव्ह उघडला तर निम्मी झाकणं वाकडी झालेली, आटे बसेनात. उरलेल्या बाटल्यांत आठवड्याभरात हिरवी बुरशी. गहू गेला, गॅस गेला, ऑर्डरही गेली.

ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंड दाबाला तापमान १२१ अंश सेल्सिअस होतं, आणि गव्हाच्या बाटल्या तिथे दीड-दोन तास राहतात. म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला त्रिकोणातला आकडा बघा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजेच पीपी. ते साधारण १६० अंशांच्या पुढे वितळतं, त्यामुळे चालतं. १ आकड्याचं पेट तर त्याच्या खूप आधीच मऊ पडतं. २ आणि ४ म्हणजे पॉलिथिन, तेही घेऊ नका. लॅबच्या काचेच्या बाटल्यांना येणारी निळी झाकणं बहुतेक पीपीचीच असतात. आकडाच नसेल तर दुकानदाराच्या "चालतंय हो" वर जाऊ नका.

झाकणाच्या आतली चकतीही तपासा. पुठ्ठ्याची असेल तर वाफेनं फुगते, सिलिकॉनची टिकते. लोणच्याच्या बरणीचं पत्र्याचं झाकण दोन-चार वेळा चालेल, मग गंजतं.

आता खरी गोम. झाकण गच्च लावून बाटली आत ठेवायची नाही! आतली हवा-वाफ बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर बाटली फुटू शकते. आटे अर्धा-पाऊण फेरा सैल ठेवा. पण थंड होताना तीच बाटली बाहेरची हवा आत ओढते, आणि त्या हवेबरोबर बुरशीचे बीजाणू येतात. माझ्या उरलेल्या बाटल्या इथेच बिघडल्या, कारण मी त्या गरम असतानाच ओट्यावर मांडल्या होत्या. बाटल्या ऑटोक्लेव्हमध्येच थंड होऊ द्या, दाब पूर्ण शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडू नका.

शिवाय स्पॉनला वाढताना श्वास लागतो. म्हणून झाकणाला भोक पाडून त्यात पाणी न शोषणारा कापूस घट्ट बसवा. शोषणारा औषधी कापूस नको, तो ओला झाला की बुरशीला आमंत्रणच. बजेट असेल तर ०.२ मायक्रॉन फिल्टरची झाकणं मिळतात. माझ्या मते सुरुवातीला कापूस पुरे. जुन्या सलाईनच्या काचेच्या बाटल्यांवर नुसता कापसाचा बोळा लावून अनेक जण वर्षानुवर्षं स्पॉन बनवत आलेत.

शंभर झाकणं एकदम घेऊ नका. तीन आणा, अर्ध्या पाण्याच्या बाटल्यांवर सैल लावून तीन वेळा ऑटोक्लेव्ह करा. मग आवळून बाटली उलटी धरा. थेंब पडला, तर ते झाकण परत करा.