घरात घुसणाऱ्या मुंग्या : ओळख आणि उपाय



साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या की आपण पटकन स्प्रे मारतो. तासाभरात ओटा साफ! पण आठ-दहा दिवसांनी पाहावं, तर एका रांगेच्या दोन रांगा झालेल्या. असं का होतं? मुलांना जरूर समजावून सांगावं असं हे कारण आहे.

आधी ओळख करून घेऊ

जहाजं, कुंड्या, सामानसुमान यांच्याबरोबर काही मुंग्या जगभर पसरल्या आणि घराघरांत वसल्या. भिंग घेऊन बघा :

१) घोस्ट मुंगी : सुमारे दीड मिमी. डोकं काळपट, पोट आणि पाय फिकट. चिरडली की खवट खोबऱ्यासारखा वास येतो.
२) फॅरो मुंगी : सुमारे २ मिमी. पिवळसर-तांबूस, पोटाचं टोक गडद. रुग्णालयांत ती रोगजंतू वाहून नेताना आढळली आहे.
३) क्रेझी मुंगी : सुमारे ३ मिमी. काळपट, पाय आणि मिशा लांब. सैरावैरा पळते.

स्प्रे का फसतो?

या मुंग्यांच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. स्प्रेने फक्त बाहेर फिरणाऱ्या कामकरी मुंग्या मरतात. फॅरो मुंगीची वसाहत तर धोका जाणवला की फुटते. काही कामकरी मुंग्या राणी आणि अंडी-अळ्या घेऊन दुसऱ्या फटीत नवा संसार थाटतात.

मग करायचं काय?

१०० मिली कोमट पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. त्यात भिजवलेला कापूस बाटलीच्या झाकणात घालून रांगेजवळ ठेवा. मुंग्या हे पाणी वसाहतीत नेतात, एकमेकींना आणि राणीलाही भरवतात. पावडर जास्त घालू नका. मुंग्या वाटेतच मेल्या तर राणीपर्यंत काही पोचणार नाही. दोन-तीन आठवडे धीर धरा आणि तोवर त्या भागात स्प्रे मारू नका. मुंग्या संपल्या की त्यांची वाट साबणाच्या पाण्याने पुसा, म्हणजे वासाची खूण जाईल.

सावधान! बोरिक पावडर पोटात गेल्यास विषारी आहे. मिश्रण मोठ्यांनीच करावं, मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाही असं ठेवावं.

मुलांसाठी कृती

कागदावर गूळ आणि शेंगदाण्याचा कूट वेगवेगळा ठेवा. दर दहा मिनिटांनी दोन्हीकडच्या मुंग्या मोजून वहीत लिहा.

आणि हो, आंब्यावरच्या ओंबिलांना हात लावू नका. त्या झाडावरची कीड खातात. प्रत्येक मुंगी काही आपली शत्रू नसते!