धाडस शिकवता येतं का?



अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याविषयी मुलांना सांगताना आपण बहुतेक वेळा मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापाशीच थांबतो. मग मुलांना वाटतं, असं धाडस थोर माणसांनाच जमतं. पण त्या लढ्यात उतरलेल्या विद्यार्थ्यांच्या आठवणी वेगळंच सांगतात.

नॅशव्हिल हे टेनेसी राज्यातलं शहर. तिथल्या मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीयांनी खरेदी केलेली चालायची; पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर त्यांना बसू देत नसत. याविरुद्ध कॉलेजचे विद्यार्थी उभे राहिले. त्यांचे शिक्षक होते जेम्स लॉसन. हे लॉसन १९५३ साली आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले होते. गांधीजींचा सत्याग्रह त्यांनी इथे राहून अभ्यासला.

नॅशव्हिलमध्ये एका चर्चच्या तळघरात ते चक्क तालीम घ्यायचे. काही मुलं ग्राहक व्हायची, काही गुंड. गुंडांनी शिव्या द्यायच्या, खुर्चीवरून ढकलायचं, तोंडावर धूर सोडायचा. ग्राहकांनी हात उचलायचा नाही. नियमही ठरले होते: ताठ बसा, काउंटरकडे तोंड ठेवा, उलट मारू नका.

१३ फेब्रुवारी १९६० ला मुलं खरोखर काउंटरवर जाऊन बसली. २७ तारखेला त्यांच्यावर हल्ला झाला आणि अटक झाली ती मार खाणाऱ्यांनाच! तरीही ती मागे हटली नाहीत. १० मे रोजी सहा दुकानांचे काउंटर सर्वांना खुले झाले.

त्यांची एक पुढारी डायेन नॅश. पुढे तिने सांगितलं, की निदर्शनाच्या दिवशी वर्गात बसल्या बसल्या तिचे तळहात घामाने ओले व्हायचे. म्हणजे भीती होतीच. तालमीने भीती गेली नाही. भीती वाटत असताना काय करायचं, ते मात्र पक्कं झालं.

आपल्यासाठी धडा इथेच आहे. "अन्यायाविरुद्ध बोला" हे वाक्य फळ्यावर लिहून मूल बोलायला लागत नाही. त्याचा सराव द्यावा लागतो. वर्गात एक छोटं नाट्य करून पाहा: डबा खाताना एका मुलाला कोणी जवळ बसू देत नाही. बाकीच्यांनी काय म्हणायचं? कुठे जाऊन बसायचं? भूमिका बदलून दोन-तीनदा करा. वाईट शब्द मात्र टाळा आणि शेवटी प्रत्येकाला विचारा, "तुला कसं वाटलं?"

पाढे आपण रोज म्हणून घेतो. मग धाडसाचा सराव का नको?