डिफेन्समन उशिरा पिकतो

कोचने मुलाला पुढच्या फळीतून काढून डिफेन्सला आणलं, की कॅनडातल्या मराठी घरात त्या रात्रीचं जेवण जरा गप्पगप्पच होतं. 'आपल्या पोराला मागे टाकलं,' असा अर्थ लावला जातो. गोल पुढचे मारतात, टाळ्या त्यांना मिळतात, मग आपला मागे उभा राहून करतो काय? ब्रॅम्प्टनपासून कॅलगरीपर्यंतचे आईबाबा हा प्रश्न विचारतात, तेव्हा तो नुसता खेळाचा नसतो. पहाटे पाचला गाडीवरचं बर्फ खरवडून रिंक गाठायची, दर हंगामाला हजारो डॉलर मोजायचे, आणि पुढे यातून पोट भरणार का हे कोणीच सांगत नाही. ती काळजी रास्त आहे, म्हणून नीट बोलू.

आधी काम समजून घ्या. आइस हॉकीत गोलकीपर सोडून पाच जण बर्फावर असतात, तीन फॉरवर्ड आणि दोन डिफेन्समन. रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. एक पाळी, म्हणजे शिफ्ट, जेमतेम पाऊण मिनिटाची. तेवढ्यात जीव खाऊन पळायचं आणि बाकावर परतायचं. नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, संघाचा पहिला डिफेन्समन साठ मिनिटांच्या सामन्यातली चोवीस-पंचवीस मिनिटं बर्फावर असतो. गोलकीपर वगळता इतका वेळ सहसा कोणीच खेळत नाही. कोच ज्याच्यावर सगळ्यात जास्त विसंबतो, त्याला 'मागे टाकलेला' कसं म्हणायचं?

कबड्डी पाहिलेल्याला हे लवकर कळेल. चढाई करणारा नजरेत भरतो, पण कोपरारक्षक घाईने पुढे झेपावला की गुण गेला. थांबायचं किती आणि पाय धरायचा कधी, ही त्याची विद्या. डिफेन्समनचंही तेच. समोरून वेगाने येणाऱ्याकडे तोंड ठेवून तो उलटं स्केटिंग करतो, स्टिकभर अंतर राखतो आणि त्याला हळूहळू कडेच्या फळ्यांकडे ढकलत नेतो. मग दुसरा, जास्त अवघड भाग. पक, म्हणजे खेळाची चकती, कोपऱ्यात गेला की पाठमोरं धावत तो आणायचा आणि मागून कोणीतरी अंगावर येतच असतं. पकपाशी पोचण्याआधी खांद्यावरून एकदा, जमलं तर दोनदा मागे पाहायचं. त्या क्षणभराच्या नजरेत पुढचा पास ठरतो, आणि मार बसणार की चुकणार हेही.

ही नजर शिकवून पटकन येत नाही. हजारो वेळा चुकून येते. म्हणूनच माझं ठाम मत आहे की डिफेन्समनच्या बाबतीत बाराव्या-चौदाव्या वर्षी काढलेला निकाल सहसा कच्चा असतो. स्वीडनच्या निक्लास लिडस्ट्रॉमला १९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, डेट्रॉइटने ५३ व्या क्रमांकावर घेतलं. धडका देण्यासाठी त्याचं नाव कधीच नव्हतं. योग्य जागी उभं राहणं आणि स्टिक योग्य वेळी पुढे करणं एवढ्यावर तो २० हंगाम आणि १,५६४ सामने खेळला. सर्वोत्तम डिफेन्समनला मिळणारी नॉरिस ट्रॉफी त्याने सात वेळा जिंकली, पण पहिली वयाच्या ३१ व्या वर्षी. स्लोव्हाकियाचा झ्डेनो हारा, उंची सहा फूट नऊ इंच, १९९६ मध्ये ५६ वा निवडला गेला आणि २००९ मध्ये नॉरिस विजेता झाला. टोरांटोत वाढलेल्या मार्क जॉर्डानोला तर ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं. तो मधला एक हंगाम मॉस्कोला जाऊन खेळून आला आणि २०१९ मध्ये, ३५ व्या वर्षी, तीच ट्रॉफी त्याच्या हातात होती.

उलट उदाहरणही सांगायला हवं. बॉबी ऑर विशीतच शिखरावर होता. १९६८ पासून सलग आठ वेळा नॉरिस. पण गुडघे गेले आणि तिशीत खेळ संपला.

तुमचं मूल ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये जन्मलेलं असेल तर आणखी धीर धरा. कॅनडात वयोगट १ जानेवारीला बदलतो, त्यामुळे जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळपास वर्षभर मोठा असूनही दोघं एकाच गटात खेळतात. ज्युनिअर संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी असते, हे मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिलं. लहानपणी जे कौशल्य वाटतं, त्यात पुष्कळदा नुसते महिने असतात.

आता कडू आकडे. एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत. सामन्याला प्रत्येक संघ साधारण सहा डिफेन्समन उतरवतो. सगळे संघ एकाच रात्री खेळले तरी काम मिळतं १९२ जणांना, आणि त्या जागांवर कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड, रशिया, चेकिया सगळ्यांचा डोळा. दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत २२४ मुलं निवडली जातात. त्यातल्या अनेकांना एकही सामना मिळत नाही. मात्र व्यवसाय म्हणून हॉकी एवढ्यावर संपत नाही. खाली अमेरिकन हॉकी लीग आहे, ईसीएचएल आहे, स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड, जर्मनीच्या लीग आहेत. तिथे दहा-बारा वर्षं इमानाने खेळून घर चालवणारे डिफेन्समन पुष्कळ आहेत. त्यांची पोस्टर लागत नाहीत, एवढंच.

खरा निर्णय पंधरा-सोळाव्या वर्षी घ्यावा लागतो, आणि पालकांनी अभ्यास करायचा तो इथेच. एक वाट कॅनेडियन हॉकी लीगची, म्हणजे ओंटारियो, वेस्टर्न आणि क्वेबेकच्या मेजर ज्युनिअर संघांची. मूल घर सोडून दुसऱ्या गावात, संघाने नेमलेल्या कुटुंबात राहतं, बसने लांबलांबचे प्रवास करतं आणि उरल्या वेळात शाळा. दुसरी वाट अमेरिकन विद्यापीठांची. पूर्वी मेजर ज्युनिअरचा एक सामना खेळला तरी अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं, आणि पंधरा वर्षांच्या पोराला आयुष्याचा निर्णय करावा लागायचा. हा नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये बदलला. ऑगस्ट २०२५ पासून मेजर ज्युनिअर खेळलेली मुलंही पहिल्या दर्जाच्या विद्यापीठ संघात खेळू शकतात. जुन्या माहितीवर सल्ले देणारे नातेवाईक आणि ओळखीचे कोच अजून भेटतील. त्यांना हे सांगा.

विद्यापीठाची वाट धिमी असते, पण डिफेन्समनला तो धिमेपणा मानवतो. कॅलगरीचा केल मकार मेजर ज्युनिअरला न जाता अल्बर्टातल्या ब्रुक्स या छोट्या गावच्या संघात खेळला. २०१७ मध्ये चौथ्या क्रमांकावर ड्राफ्ट झाल्यावरही तो दोन वर्षं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात राहिला. एप्रिल २०१९ मध्ये विद्यापीठाचा अंतिम सामना हरला आणि दोनच दिवसांनी कोलोराडोकडून, आपल्याच कॅलगरीच्या संघाविरुद्ध, पहिल्या एनएचएल सामन्यात त्याने गोल केला. तीन वर्षांनी कोलोराडोने स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं अजिंक्यपद, जिंकला.

मेजर ज्युनिअर निवडलंत तर शिष्यवृत्तीचा करार शब्दन् शब्द वाचा. साधारणपणे खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या उच्च शिक्षणाचा खर्च मिळतो, पण तो किती दिवसांत वापरायचा आणि व्यावसायिक करार केल्यास त्याचं काय होतं, हे सही करण्याआधी लेखी विचारा.

पैशाचं बोलायचं तर २०२५-२६ च्या हंगामात एनएचएलचा किमान पगार ७,७५,००० अमेरिकी डॉलर होता. आकडा मोठा आहे, पण तो एनएचएलमध्ये खेळण्याचा. नवख्याचा करार बहुधा दुहेरी असतो. खालच्या लीगमध्ये पाठवलं की पगार कितीतरी उतरतो. कर, एजंटचा हिस्सा, आणि सरासरीने छोटंच असलेलं करिअर, हे त्यातून वजा करा. बॉबी ऑर निवृत्त झाला तेव्हा श्रीमंत नव्हता, कर्जात होता. त्याने डोळे मिटून विश्वास टाकलेला एजंट अॅलन ईगलसन याने १९९८ मध्ये फसवणुकीचे गुन्हे कबूल केले. म्हणून एजंट, वकील आणि हिशेबनीस तीन वेगळी माणसं ठेवा, आणि मुलाला स्वतःचं बँक खातं वाचायला शिकवा.

शरीराबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. कोपऱ्यातून पक आणायला पाठमोरा गेलेला डिफेन्समन सगळ्यात वाईट मार खातो. हॉकी कॅनडाने २०१३ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या गटातली अंगाची धडक बंद केली ती मुलांची डोकी वाचवण्यासाठीच. दहा हंगाम एनएचएल खेळलेला डिफेन्समन स्टीव्ह मॉन्टाडोर २०१५ मध्ये ३५ व्या वर्षी गेला. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूत सीटीई हा वारंवारच्या आघातांशी जोडला जाणारा आजार आढळला. आपल्याकडे दुखणं अंगावर काढण्याचं कौतुक होतं. डोक्याचा मार अंगावर काढायचा नसतो. डोकं गरगरलं, उजेड सहन होईना, की खेळ थांबला. प्लेऑफ असो, निवडचाचणी असो, डॉक्टरने लेखी परवानगी देईपर्यंत बर्फावर पाऊल नाही. कोच नाराज झाला तर होऊ द्या.

मुलींच्या पालकांसाठी चित्र आता खरोखर बदललं आहे. प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीगचा पहिला सामना १ जानेवारी २०२४ ला टोरांटोत झाला आणि लीगच्या इतिहासातला पहिला गोल एला शेल्टनने केला. ती डिफेन्सला खेळते. सुरुवातीचा किमान पगार वर्षाला ३५,००० डॉलर होता. एवढ्यावर मोठ्या शहरात निभाव लागणं अवघड, म्हणून मुलीची विद्यापीठाची पदवी पक्की करूनच पुढे जा.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला मी खोटी आशा दाखवणार नाही. कॅनडातली मुलं पाच-सहाव्या वर्षी बर्फावर उतरतात. पुण्याच्या रोलर स्केटिंग रिंकवरून एनएचएलची वाट आज निघत नाही. भारतात हा खेळ लडाखचा आणि स्पितीचा आहे, आणि २०२५ च्या आशिया चषकात भारतीय मुलींनी कांस्यपदक आणलं त्या संघात लडाखच्याच मुली मुख्यत्वे होत्या. तुला हा खेळ मनापासून आवडत असेल तर फिजिओथेरपी, सामन्यांचं व्हिडिओ विश्लेषण, रिंकच्या शीतकरणाचं अभियांत्रिकी ही त्याच्या जवळ नेणारी कामं आहेत, आणि त्यांचं शिक्षण भारतातच सुरू करता येतं.

आईबाबांना एक विनंती. पुढच्या सामन्यात एक अख्खी शिफ्ट पकवरची नजर काढा आणि फक्त आपल्या मुलाकडे पाहा. पक जवळ नसताना तो कुठे उभा राहतो, कितीदा मान वळवून मागे पाहतो, हे मोजा. घरी परतताना गाडीत त्याला त्याबद्दल विचारा.