अग्निसंकेत व दीपस्तंभ

"दीपस्तंभ" हा शब्द आपल्या नित्य परिचयाचा आहे. थोर पुरुषाचें चरित्र सांगतांना, ग्रंथाची प्रस्तावना लिहितांना, इतकेंच काय पण गुरुजनांच्या निरोपसमारंभांतही आपण तो सहज योजितों. परंतु ज्या वस्तूवरून हा अलंकार निघाला ती वस्तु प्रत्यक्ष कोणतें काम करिते हें ठाऊक नसेल, तर अलंकार पोकळ राहतो. म्हणून आज आपण त्या वस्तूचाच थोडा विचार करूं.

दूरच्या मनुष्यास दिसावा म्हणून उंच जागीं लाविलेला जो प्रकाश, त्याचीं कामें दोन. पहिलें वार्ता देण्याचें. डोंगरावर जाळ दिसला म्हणजे कांहींतरी घडलें आहे असें पाहणाऱ्यानें समजावें. दुसरें काम वाट दाखविण्याचें. "मी येथें आहें, मजवरून तुझी दिशा ठरव," असें तो प्रकाश सांगतो. पहिल्यास आपण अग्निसंकेत म्हणूं व दुसऱ्यास दीपस्तंभ. अग्निसंकेत क्वचित् पेटतो, आणि पेटला म्हणजेच बोलतो. दीपस्तंभ रोज पेटतो, आणि विझला म्हणजेच लोक दचकतात.

अग्निसंकेत

प्राचीन यहूदी लोकांत महिन्याचा आरंभ नव्या चंद्राच्या दर्शनावरून ठरत असे. यरुशलेमेंत तो ठरला म्हणजे बाबेल देशांत राहणाऱ्या बांधवांस ती वार्ता लवकर पोंचविणें अवश्य होतें. कारण सणांचे दिवस त्यावरून मोजावयाचे. ह्याची रीत मिश्ना नांवाच्या त्यांच्या ग्रंथांत वर्णिली आहे. गंधसरूच्या लांब काठीच्या टोंकास बोरू, देवदारी लांकूड व जवसाचा वाख दोरीनें बांधीत. एक मनुष्य ती घेऊन जैतुनांच्या डोंगरावर चढे, तिला अग्नि लावी, आणि ती पुढेंमागें व वरखालीं हालवीत राही. दुसऱ्या डोंगरावरचा मनुष्य तसेंच करीत आहे असें दिसेपर्यंत त्यानें थांबावयाचें नाहीं, असा नियम होता. ह्याप्रमाणें शिखरामागून शिखर पेटत जाई.

पुढें शोमरोनी लोकांनीं भलत्याच रात्रीं जाळ करून यहूद्यांस फसविलें. तेव्हां ही रीत सोडून पायीं जासूद पाठविणें भाग पडलें. जी वार्ता एका रात्रींत जात होती तिला अनेक दिवस लागूं लागले. अग्नि पूर्वीइतकाच तेजस्वी होता. परंतु त्यावरचा विश्वास उडाला होता, आणि विश्वास उडालेला संकेत म्हणजे केवळ जळणारें लांकूड.

दुसरें उदाहरण ह्याहून करुण आहे. १९३५ सालीं पॅलेस्टाईनमधील प्राचीन लाखीश नगराचें उत्खनन चालू असतां, वेशीजवळच्या जळक्या मातींत शाईनें लिहिलेलीं कांहीं खापरें सांपडलीं. तीं सुमारें ख्रिस्तपूर्व ५८८ च्या वेळचीं, म्हणजे नबुखद्नेस्सराच्या स्वारीच्या काळांतलीं पत्रें आहेत. त्यांपैकीं एकांत बाहेरच्या ठाण्यावरील मनुष्य आपल्या अधिकाऱ्यास कळवितो कीं, ठरवून दिलेल्या खुणांप्रमाणें आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांकडे लक्ष ठेवून आहों. अजेका मात्र आम्हांस दिसत नाहीं. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायांत, यहूदाच्या तटबंदीच्या नगरांपैकीं हींच दोन शेवटीं उरलीं होतीं, असें सांगितलें आहे. तेव्हां अजेका दिसेनासें झालें, ह्याचा अर्थ तें शत्रूच्या हातीं पडलें असावें, असें अनेक विद्वानांचें मत आहे. न दिसलेल्या जाळानेंही एवढी मोठी वार्ता सांगितली. परंतु ती कोणास कळली? जो रात्रभर डोळे लावून बसला होता त्यास.

आपल्या इतिहासांतही असा एक जाळ प्रसिद्ध आहे. १६७० सालीं तानाजी मालुसरे ह्यानें मावळ्यांसह सिंहगड सर केला, तेव्हां गडावरील पागेच्या घरांस आग लाविली आणि तो उजेड शिवाजी महाराजांनीं राजगडावरून पाहिला, असें सभासदाच्या बखरींत आहे. गड हातीं आल्याचें महाराजांनीं त्यावरून ओळखलें. परंतु तानाजी पडला हें त्या उजेडास सांगतां आलें नाहीं. ती दुःखद वार्ता जासुदाबरोबरच आली. अग्निसंकेताची मर्यादा येथें दिसते. त्यास एकच शब्द बोलतां येतो, आणि त्या शब्दाचा अर्थ दोन्ही पक्षांनीं आधींच ठरविलेला असावा लागतो.

दीपस्तंभ

आतां दुसऱ्या प्रकाराकडे वळूं. इजिप्त देशांत अलेक्झांड्रिया बंदरासमोरील फारोस बेटावर ख्रिस्तपूर्व २८० च्या सुमारास एक प्रचंड दीपस्तंभ उभारला गेला. प्राचीन जगांतील सात आश्चर्यांत त्याची गणना होते. तो सुमारें दीड हजार वर्षें उभा होता. पुढें भूकंपांनीं ढांसळला.

दीपस्तंभ इतका उंच कशास हवा, असें कोणी विचारील. पृथ्वी वाटोळी आहे म्हणून! जागेची उंची फुटांत घेऊन तिची दीडपट करावी व त्या संख्येचें वर्गमूळ काढावें. म्हणजे तेथून क्षितिज किती मैलांवर आहे तें अदमासें कळतें. सहा फूट उंचीवर डोळे असतील तर नवाचें वर्गमूळ तीन, म्हणजे तीन मैल. दिवा १५० फुटांवर असेल तर २२५ चें वर्गमूळ १५, म्हणजे पंधरा मैल. जहाजावरील खलाशी २४ फूट उंचीवर उभा असेल तर त्याचे सहा मैल त्यांत मिळवावे; एकवीस मैलांवरून त्यास दिव्याचें पहिलें दर्शन होईल. वर्गमूळ कशास शिकावयाचें, असें म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

समुद्रांत दिवा राखणें किती कठीण, हें इंग्लंडांतील एडिस्टन खडकाच्या इतिहासावरून कळतें. हा खडक प्लिमथ बंदरापासून सुमारें चौदा मैलांवर समुद्रांत आहे, आणि भरतीच्या वेळीं तो बहुतेक पाण्याखालीं जातो. हेन्री विन्स्टन्ली ह्यानें १६९६ सालीं तेथें काम आरंभिलें. त्या वेळीं इंग्लंड व फ्रान्स ह्यांचें युद्ध चालू होतें, आणि पुढील वर्षीं एका फ्रेंच जहाजानें त्यास पकडून नेलें. आपलें युद्ध इंग्लंडाशीं आहे, मनुष्यजातीशीं नाहीं, असें म्हणून चौदाव्या लुई राजानें त्यास सोडून दिलें, अशी आख्यायिका आहे. १६९८ च्या नोव्हेंबरांत खडकावर दिवा लागला. आजवर झालें नसेल अशा मोठ्या वादळांत आपण तेथें असावें, अशी विन्स्टन्लीची इच्छा होती. १७०३ सालीं तें वादळ आलें, तेव्हां तो तेथेंच होता. सकाळीं पाहतात तों मनोरा नाहीं व मनुष्येंही नाहींत! लवकरच व्हर्जिनियाहून परत येणारें एक जहाज त्याच खडकावर फुटलें.

दुसरा मनोरा लांकडाचा होता. तो १७५५ सालीं जळाला. तिसरा जॉन स्मीटन ह्यानें बांधिला. ओक वृक्षाचा बुंधा खालीं रुंद असून वर निमुळता होत जातो, म्हणून तो वादळांत टिकतो, हें ध्यानांत आणून त्यानें तोच आकार घेतला. दगड एकमेकांत खांचे पाडून गुंतविले, आणि पाण्यांतही घट्ट होणारा चुना प्रयोग करून सिद्ध केला. १७५९ सालीं चोवीस मेणबत्त्यांचा दिवा तेथें लागला. आंत एके ठिकाणीं १२७ व्या स्तोत्रांतील पहिलें वचन त्यानें कोरविलें होतें. तें मुलांनीं घरीं काढून वाचावें. हा मनोरा शंभरांहून अधिक वर्षें टिकला. शेवटीं मनोरा शाबूत, पण त्याखालचा खडकच लाटांनीं पोखरला असें दिसून आलें. तेव्हां १८८२ सालीं शेजारीं नवा स्तंभ उभारून जुन्याचा वरचा भाग प्लिमथ येथें नेऊन पुन्हां रचण्यांत आला.

मेणबत्त्यांचा प्रकाश चोहोंकडे विखुरतो. तो एकत्र करून क्षितिजाकडे सरळ पाठविण्याची युक्ति फ्रेनेल नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें काढिली. एकच जाड भिंग न घेता त्यानें कांचेचीं अनेक कडीं एकाभोंवतीं एक बसविलीं. हें भिंग १८२३ सालीं फ्रान्सांतील कॉर्दुआं येथील दीपस्तंभावर बसविण्यांत आलें. चार वर्षांनीं, वयाच्या अवघ्या एकुणचाळिसाव्या वर्षीं, फ्रेनेल वारला. परंतु त्याच्या भिंगांनीं जगांतील सर्व समुद्र उजळले.

मुंबई बंदराच्या तोंडाशीं खांदेरी बेटावर १८६७ पासून, आणि कुलाब्याच्या दक्षिण टोंकास प्राँग्ज येथें १८७५ पासून दीपस्तंभ आहे. जवळजवळ असे अनेक दिवे असतां हा कोणता व तो कोणता हें नाखव्यानें कसें ओळखावें? त्यासाठीं प्रत्येक दिव्यास स्वतःची चाल ठरवून दिलेली असते. कोणी इतक्या सेकंदांनीं एकदां चमकेल, कोणी लागोपाठ दोनदां चमकून थांबेल. ती चाल नकाशांत व पुस्तकांत छापलेली असते. सुटींत कोंकणांत जाल तेव्हां रात्रीं किनाऱ्यावर उभे राहून घड्याळानें ती मोजून पाहा.

आज बहुतेक दीपस्तंभ स्वयंचलित झाले आहेत. एडिस्टनवरील शेवटचे रखवालदार १९८२ सालींच परतले. जहाजें आतां कृत्रिम उपग्रहांवरून आपली जागा जाणतात. तरी किनाऱ्यावरील दिवे काढून टाकिलेले नाहींत. कारण यंत्र बिघडलें तरी डोळ्यांना दिसणारी खूण उरते.

आपल्यासाठीं बोध

ह्या सर्व हकीकतींत एकच गोष्ट मुख्य आहे. दिव्याची किंमत त्याच्या तेजांत नसून त्याच्या भरंवशांत आहे. चोवीस मेणबत्त्यांचा दिवा लहानसाच. पण तो रोज लागे, म्हणून शेंकडों माणसें त्यावर आपला जीव टांकीत. सहा रात्री लागून सातव्या रात्रीं न लागणारा दिवा मुळींच नसलेल्या दिव्याहून वाईट. कारण त्याच्या आशेनें जहाज खडकाजवळ येतें. मुद्दाम खोटा दिवा दाखवून जहाज फसविणाऱ्यास इंग्लंडांत १७५३ च्या कायद्यानें देहांताची शिक्षा ठेविली होती, ती उगीच नव्हे.

मुलांनो, शाळेची घंटा वाजविण्याचें काम ज्याजकडे असतें त्यानें एक दिवस आळस केला तर सर्व शाळा चुकते. तुमचा शब्दही तसाच आहे. "मी येईन", "मी करीन" असें तुम्ही म्हणतां, तेव्हां कोणीतरी त्यावरून आपली दिशा ठरवीत असतो. आणि पालकहो, आपण मुलांस जें सांगतों त्याहून आपण जें रोज करितों तें मुलांस अधिक दुरून दिसतें. दिवा कोठें ठेवावा ह्याविषयीं प्रभूनें मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत सांगितलें आहे. तो तेथें ठेविल्यावर दररोज संध्याकाळीं त्यांत तेल आहे कीं नाहीं हें पाहणें, एवढें काम आपल्याकडे उरतें.