जुळा भाऊ खोटा असतो तेव्हा

गॅदरिंग जवळ आलं की बारावीच्या मुलांचा एखादा गट हमखास एक संहिता घेऊन येतो. नायकाचं एका मुलीवर मन जडलेलं असतं. तिच्या वडिलांना नोकरीवाला जावई हवा असतो आणि हा तर गावात शेती बघतो. मग हा सांगून टाकतो की मला एक जुळा भाऊ आहे, हुबेहूब माझ्यासारखा, पण पुण्याला कंपनीत. आणि मिशी चिकटवून भाऊ म्हणून स्वतःच त्यांच्या दारात जाऊन उभा राहतो. मी अंबाजोगाईत कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि नाटक बसवण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडं आहे. हा प्रकार मी बसवला आहे, दुसऱ्यांनी बसवलेला पाहिला आहे, आणि एका संहितेला आहे त्या रूपात उभं करायला नकारही दिला आहे. जिल्ह्यात कुठं कुठं तरुण शिक्षक आणि मुलं हेच नाटक हातात घेत असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिल्यांदा एक भेद नीट समजून घ्यावा. खऱ्या जुळ्यांचं नाटक फार जुनं आहे. प्राचीन रोममध्ये प्लॉटसनं ते लिहिलं, त्यावरून शेक्सपिअरनं 'कॉमेडी ऑफ एरर्स' रचलं, ते 1878 साली 'भ्रांतिकृत चमत्कार' या नावानं मराठीत आलं, आणि गुलजारांनी 1982 मध्ये त्याचाच 'अंगूर' केला. या सगळ्यांत गोंधळ होतो तो योगायोगानं. दोन्ही भावांना एकमेकांचा पत्ता नसतो, कुणी कुणाला फसवत नाही, म्हणून प्रेक्षक निर्धास्त हसतो. खोट्या जुळ्याच्या नाटकात मात्र एक माणूस समजून उमजून खोटं बोलतो आणि प्रेक्षकाला ते पहिल्या प्रवेशापासून ठाऊक असतं. म्हणजे प्रेक्षक त्याच्या कटात सामील होतो. कटात सामील झालेल्या माणसाला आज ना उद्या प्रश्न पडतोच की आपण नेमकं कुणाला फसवतो आहोत. या प्रश्नाचं उत्तर बरं असेल तर नाटक शेवटपर्यंत हसवतं. ते वाईट असेल तर कितीही चांगले विनोद घाला, तिसऱ्या प्रवेशात सभागृह गार पडतं.

म्हणून मी मुलांना संहिता वाचायला बसवण्याआधी 'गोलमाल' पाहायला लावते. हृषीकेश मुखर्जींचा, 1979 चा. आपल्या अमोल पालेकरांनी त्यात रामप्रसाद केला आहे. नोकरीची गरज असलेला हा पोरगा भवानीशंकर नावाच्या मालकाकडं चिकटतो. मालकाची भूमिका उत्पल दत्त यांची. ज्याला मिशी नाही त्याच्या चारित्र्यावर या मालकाचा विश्वास नाही, आणि कामाच्या वेळी खेळ बघणारा माणूस त्याला चालत नाही. रामप्रसाद आईच्या आजारपणाचं कारण सांगून हॉकीचा सामना बघायला जातो आणि मालकाला तिथं दिसतो. नोकरी वाचवण्यासाठी बिनमिशीचा जुळा भाऊ जन्माला येतो: लक्ष्मणप्रसाद. पुढं मालक मिशीवाल्याला जावई करायला निघतो आणि त्याच्या मुलीला आवडतो बिनमिशीचा. एवढ्यावर थांबत नाही. आई म्हणून उभी केलेली बाई, दीना पाठक, मालकाला भलत्याच ठिकाणी दिसते तेव्हा तिलाही स्वतःची जुळी बहीण सांगावी लागते. एका खोट्याला सांभाळायला दुसरं आणि दुसऱ्याला तिसरं, अशी ही रचना आहे.

सिनेमा संपला की मी मुलांना एवढंच विचारते, यात फसतं कोण? उत्तर लगेच येतं: मालक. ज्याच्या हातात नोकरी आहे, ज्याच्या लहरीवर दुसऱ्याचं घर चालतं, तो माणूस. हसू मोकळं होतं ते त्यामुळं. ताकदवान माणसाचा आडमुठा नियम एका मिशीनं पोकळ ठरतो आणि बघणाऱ्याला बरं वाटतं. तोच डाव मुलीवर टाकून बघा. सारे विनोद तसेच ठेवा. नाटक दुसरंच होतं.

मी नकार दिलेल्या संहितेत हेच झालं होतं. मुलगी एका भावाला नाकारते, दुसऱ्यावर भाळते, लग्न होतं, आणि मग मिशी निघते. वाचन चालू असताना नायिकेची भूमिका मिळालेल्या मुलीनं वही खाली ठेवली आणि विचारलं, "मॅडम, हिला कधी कळतं मग?" लिहिणारा मुलगा म्हणाला, लग्न झाल्यावर. "आणि कळल्यावर ही काय म्हणते?" तो म्हणाला, काही नाही, हसते. त्या मुलीनं पुन्हा वही उचलली नाही. मला तिचं म्हणणं पटलं आणि मी ती संहिता तिथंच थांबवली. त्याच वळणाचं एक नाटक मी नंतर दुसऱ्या गावी प्रेक्षक म्हणून पाहिलं. मिशी ओढून काढली तेव्हा मुलांच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. मुली बसल्या होत्या त्या बाजूनं एक टाळी वाजली नाही. एका सभागृहात दोन नाटकं चालली होती.

आपल्या जिल्ह्यात हे का जड जातं, ते स्पष्ट सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 या काळात, बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 43.7 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. महाराष्ट्राचा आकडा 21.9 आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल त्या जोडीवर मिळते, आणि मागं मुलगी एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची ही धास्ती असते. तेव्हा हंगामाआधी तिचं उरकून टाकतात. अशा घरांतल्या मुली आपल्या समोर बसलेल्या असतात. मुलगा पुण्याला चांगल्या ठिकाणी आहे असं सांगून ठरवलेली सोयरीक पुढं काय निघाली, हे त्यांनी मोठ्या बहिणीच्या, मावशीच्या, शेजारणीच्या बाबतीत ऐकलेलं असतं. त्यांच्यासाठी 'दाखवला एक आणि निघाला दुसरा' हा नाटकातला प्रसंग नसतो. आपलं गाव तर लग्न हुकलेल्या देवीचं आहे. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलेलं, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी कुमारिकाच राहिली, अशी कथा इथं घरोघर सांगतात. हत्तीखान्याची लेणी म्हणजे तिचा लग्नमंडप. लग्नात घोटाळा होतो तेव्हा कायमचं थांबून कोण राहतं, हे इथल्या मुलींना वेगळं शिकवावं लागत नाही.

तालमींच्या काळात मुली मोकळ्या होतात. नाटकातल्या लग्नावर बोलता बोलता एखादी स्वतःच्या ठरलेल्या लग्नाचं बोलून जाते. तेव्हा शिक्षकाला पुढचं पाऊल ठाऊक असावं: बालविवाह रोखण्यासाठी 1098 वर फोन करता येतो, आणि गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणून ग्रामसेवकाची जबाबदारी असते. मोठ्या मुलांनाही एक गोष्ट जरूर सांगावी. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 प्रमाणं, स्वतःबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती घेतलेली असेल तर ते लग्न न्यायालयाकडून रद्द करून घेता येतं. फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. हे सांगितल्यावर मुलं गंभीर होतात, आणि नाटक लिहिताना त्यांचा हात आपोआप दुसरीकडं वळतो.

तो वळावा कुठं? माझं ठाम मत आहे की मुलीला सगळ्यात आधी कळलं पाहिजे. प्रेक्षकांनंतर लगेच तिलाच. आम्ही ती गोष्ट नव्यानं रचली तेव्हा दुसऱ्याच प्रवेशात तिच्या लक्षात येतं. कपडे बदलले, मिशी आली, बोलणं बदललं, पण पायातल्या चपला त्याच. ती काही बोलत नाही. इथून नाटकाला खरा वेग येतो, कारण आता खोटं सांभाळणारा तो एकटा असतो आणि त्याला पळवणारी ती असते. ती वडिलांच्या देखत मिशीवाल्याला विचारते, तुमच्या भावाला पोहता येतं का हो? तो अडखळतो. वडील खूश होतात की पोरगी चौकशी करतेय. तिच्या मनात मुलगा आधीपासून आहेच, तिला फक्त बघायचं असतं की हा खरं बोलायला किती वेळ लावतो. फसतात ते वडील, आणि तेही त्यांच्या एका हट्टापुरते: शेतकरी जावई नको. आमच्याकडं हा हट्ट सभागृहातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही हे दुःख खरं आहे आणि मुलीच्या बापाची भीतीही खरी आहे. म्हणून वडिलांना खलनायक करू नका. त्यांना एक प्रवेश असा द्या की त्यांची भीती प्रेक्षकाला पटेल.

या नाटकाचा कळस एकच असतो आणि तो टाळता येत नाही: कुणीतरी दोघा भावांना एकत्र बोलावतं. आमच्या नाटकात ते मुलगीच करते. "बाबा, रविवारी दोघांनाही पोह्याला बोलवा की." हे वाक्य जितकं साधेपणानं म्हणाल तितकं चांगलं. त्यानंतरची धावपळ मात्र कागदावर लिहून चालत नाही, ती आधी पायांनी मोजावी लागते. गॅदरिंगच्या मांडवात पुष्कळदा एकाच बाजूला विंग असते. तिथं कपडे बदलायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा आणि मगच मधले संवाद लिहा. मुलं उलटं करतात. संवाद आधी पाठ होतात आणि प्रयोगाला नट अर्ध्या सदऱ्यात बाहेर येतो. तो बाहेर येईपर्यंत रंगमंचावर दोन माणसं हवीत आणि त्यांच्यात भांडायला खरं कारण हवं. आत्या आणि वडील यांचं जुनं जमिनीचं भांडण आम्हाला नेहमी कामाला आलं. नुसतं "अजून कसा आला नाही" असं म्हणत दाराकडं बघणाऱ्या पात्रांनी प्रवेश पडतो.

वेषांतराचं सामान कमी ठेवा. एक खूण शेवटच्या रांगेला दिसणारी आणि एक कानाला कळणारी, एवढं पुरतं. मिशी लावायची असेल तर ती पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर लागली पाहिजे. आतून लावून आलात तर मागच्या रांगांना दुसराच मुलगा आला असं वाटतं. स्पिरिट गम लावण्याआधी ओठाची जागा पुसून कोरडी करा. उकाड्यात, दिव्यांखाली घाम सुटला की मिशी एका बाजूनं सुटते, आणि ती नको त्या क्षणी सुटली की पुढचं काही ऐकू जात नाही. कानाची खूण आपल्या भागात आयती मिळते. गावातला भाऊ "काय करायलास?" म्हणतो आणि पुण्याचा भाऊ "काय करतो आहेस?" म्हणतो. पण एक काळजी घ्या. गावची बोली हास्यास्पद आणि पुण्याची शहाणी, असं होऊ देऊ नका. मुलगी ज्याच्यावर जीव लावते तो "करायलास" म्हणणारा आहे, हे लक्षात ठेवून ती बोली नटाकडून प्रेमानं घडवून घ्या. आमचा एक मुलगा पुण्याची भाषा फार सुंदर बोलायचा. भांडणाच्या प्रवेशात राग आला की त्याची गावची बोली उफाळून यायची. आम्ही ते तसंच ठेवलं, आणि वडिलांना पहिला संशय तिथंच येतो असं केलं.

शेवटी मुलगा पकडला जाऊ नये. त्यानं स्वतःच्या हातानं मिशी काढावी, वडिलांसमोर, कुणी विचारलेलं नसताना. पकडला गेलेला माणूस माफी मागतो ती भीतीनं, आणि प्रेक्षकाला ते कळतं. वडिलांनीही एका वाक्यात पाघळू नये. 'गोलमाल'च्या शेवटी मिशी जाते ती भवानीशंकरची, आणि तिथवर यायला त्याला पूर्ण सिनेमा लागतो. आमचे वडील एवढंच म्हणतात की उद्या तुझं रान बघायला येतो. त्यावर मुलगी काय म्हणते ते मी कधीच लिहून देत नाही. भूमिका करणाऱ्या मुलीनं ते स्वतः लिहायचं, असा माझा नियम आहे. दरवेळी निराळं उत्तर येतं. एकीनं लिहिलं होतं, "बाबा, तुम्ही रान बघून या. माझी बी.एस्सी. होईपर्यंत ह्यानं आणि ह्याच्या भावानं दोघांनी मिळून ठिबक बसवून घ्यावं." नायक झालेल्या मुलाला त्यावर आपलंही एक वाक्य हवं होतं. मी दिलं नाही. पडदा तिच्या वाक्यावरच पाडायचा.