साडेत्रेसष्ट अंश आणि आमची घरगल्ली

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या श्रावणात आमच्या चाळीच्या चौकात बिल्डरची सभा भरली. गणपतीसाठी आणलेल्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि भिंतीवर एका उंच इमारतीचे रंगीत चित्र टांगले होते. सभा दीड तास चालली. त्या दीड तासात निरनिराळ्या तोंडांनी एकच प्रश्न विचारला गेला, ‘किती स्क्वेअर फूट?’ माझ्या वडिलांनीही तोच विचारला. आमची खोली दहा बाय बाराची, म्हणजे १२० चौरस फुटांची, आणि तीत आम्ही पाच माणसे राहतो. तेव्हा तो प्रश्न चुकीचा होता असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण वर जाताना आजी जिन्यात थांबली आणि म्हणाली, “चित्रात रस्ता कुठं होता गं?”

खरेच, चित्रात रस्ता नव्हता. इमारतीच्या पायथ्याशी चार-दोन झाडे होती, एक मोटार होती, आणि त्याखाली चित्र संपत होते.

प्रस्तुत लेख आजीच्या त्या प्रश्नातून निघाला आहे. भूगोलाच्या प्रकल्पासाठी विषय शोधत होते, सर म्हणाले, “लांब कशाला जातेस? स्वतःच्या चाळीवरच लिही.” म्हणून मी मुंबईच्या बांधकामाचे नियम वाचायला घेतले. आमच्या घरात नववीच्या पुढे कोणी शिकलेले नाही, आणि हे नियम इंग्रजीतून वाचताना एकेका वाक्याला शब्दकोश उघडावा लागला. तरी वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. माणसाने दाराबाहेर पडल्यावर कुठून चालावे, हे या नियमांत बहुधा कुठेच सरळ लिहिलेले नसते. परंतु ते ठरते मात्र या नियमांनीच.

आरंभ प्लेगपासून करावा लागतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, दाट वस्तीतल्या अंधाऱ्या खोल्यांकडे सरकारचे लक्ष गेले, आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एका नियमाचा फार आग्रह धरला. त्याला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणतात. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या खोलीच्या पायथ्यापर्यंत एक तिरकी रेघ ओढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करता कामा नये. गणिताशी माझे दहावीनंतर फारसे सख्य राहिले नाही, पण शेजारच्या दादाने कागदावर त्रिकोण काढून दाखवला तेव्हा उलगडा झाला. समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल तर मध्ये वीस फूट जागा मोकळी हवी. उंचीच्या निम्मे, इतकेच. मग तळमजल्यावरच्या माणसालाही आकाशाचा तुकडा दिसतो.

दुसऱ्या दिवशी सुताराची टेप मागून आणली आणि दोघांनी मिळून चाळीमागची घरगल्ली मोजली. आमची चाळ तळमजला अधिक तीन मजले, सुमारे चाळीस फूट उंच. मागची चाळही तेवढीच. मधली घरगल्ली सात फूट. ऑरसाहेबांच्या हिशेबाने तेरा फूट कमी! तळमजल्यावरच्या मावशी भर दुपारी दिवा लावून तांदूळ का निवडतात, याचे उत्तर मला एकोणीस वर्षांनी टेपवर वाचायला मिळाले.

हा नियम प्रत्यक्षात उतरलेला पाहायचा असेल तर दादर-माटुंग्याच्या बाजूला जावे. तिथली वस्ती ट्रस्टने आखली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, तीन मजल्यांपर्यंतच्या इमारती. मी रोज दादर स्टेशनवरून हिंदू कॉलनीतून कॉलेजला चालत येते. मे महिन्यातसुद्धा डोक्यावर सावली असते. मात्र याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आरंभीच्या काळात ट्रस्टने जितक्या गरिबांच्या खोल्या पाडल्या तितक्या बांधून दिल्या नाहीत. उजेड आला, पण ज्यांच्या खोल्या अंधाऱ्या होत्या त्यांतले बरेचसे त्या उजेडात राहायला आले नाहीत. पुनर्विकास या शब्दाची गोम तेव्हापासूनची आहे.

गिरणगाव अशा आखणीतून झाले नाही. गिरणी जिथे, चाळ तिथे, असा साधा प्रकार. माझे आजोबा संगमेश्वराकडून आले आणि साचेखात्यात लागले. पहिला भोंगा झाला की निघायचे आणि दुसऱ्या भोंग्याच्या आत गिरणीच्या दारात, असे आजी सांगते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक गिरणी कामगार कामाच्या ठिकाणापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर राहत. आजही आमच्या जिन्यापासून पिठाची गिरणी, वाणी, लाँड्री, भाजीवाली ही सगळी दोन-तीन मिनिटांवर आहेत. मिरची गल्ली आणि चिवडा गल्ली थोडी पुढे. परदेशातले नगररचनाकार अशी वस्ती मुद्दाम घडवण्यासाठी नियम करतात असे वाचले. रस्त्याला लागून दुकाने हवीत, रस्त्याकडे दारे-खिडक्या हव्यात, कोऱ्या भिंती नकोत, असे ते नियम. जेन जेकब्स या अमेरिकन बाईंनी १९६१ साली याच गोष्टीवर मोठा ग्रंथ लिहिला. रस्त्यावर सतत कोणाचे तरी डोळे असले की रस्ता सुरक्षित राहतो, असे त्यांचे म्हणणे. आमची आजी गॅलरीत बसून हेच काम गेली पन्नास वर्षे बिनपगारी करीत आहे.

यावरून मी चाळीचे गोडवे गाणार आहे असे वाचकांनी समजू नये. पहाटे पाच वाजता हातात बादली घेऊन संडासाच्या रांगेत उभे राहणे म्हणजे काय, हे चाळीवर कौतुकाने लिहिणाऱ्यांनी महिनाभर अनुभवून पाहावे. आजीचे गुडघे दुखतात आणि संडास गॅलरीच्या पार टोकाला आहे. पावसात तिसऱ्या मजल्याच्या छताखाली पातेली मांडावी लागतात. आम्हांला नवे घर हवे आहे. प्रश्न आहे तो कोणत्या नियमाने मिळणार याचा.

येथे चटई क्षेत्र निर्देशांकाची ओळख करून दिली पाहिजे. बोलताना सगळे एफएसआय म्हणतात. एक हजार चौरस मीटरच्या जमिनीवर एफएसआय तीन असेल तर सगळे मजले मिळून तीन हजार चौरस मीटर बांधता येते. पीठ किती घ्यायचे एवढेच हा आकडा सांगतो. त्याच्या पसरट भाकऱ्या थापायच्या की एकावर एक लाडू रचायचे, हे तो सांगत नाही. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम दोन घरांमधल्या जागेविषयी होता. एफएसआय घराच्या आतल्या जागेविषयी आहे. माझ्या मते सगळा फरक इथे पडला.

आमच्यासारख्या १९४० पूर्वीच्या चाळींना जो नियम लागतो, तो ३३ (७) या क्रमांकाने ओळखला जातो. त्यामागचा इतिहास थोडक्यात असा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी दुरुस्ती सोडली, चाळी कोसळू लागल्या. तेव्हा १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ निर्माण केले. त्यानेही भागेना. मग १९९१ च्या नियमावलीत अशी तोड निघाली की बिल्डरने भाडेकरूंना फुकट घरे द्यावीत आणि त्या बदल्यात जादा बांधकाम करून ते बाजारात विकावे. पुढे यासाठीचा एफएसआय तीन झाला. २०१८ मध्ये लागू झालेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार प्रत्येक भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर आणि त्यासाठी ५१ टक्के रहिवाशांची संमती, अशी अट आहे. १२० चे ३०० होणे ही लहान गोष्ट नव्हे. माझ्या आईला आयुष्यात प्रथमच ओट्याशी उभे राहून स्वयंपाक करता येईल.

आता गंमत पाहा. इमारतीत मोटारी ठेवण्याचे जे मजले लागतात ते एफएसआयमध्ये मोजत नाहीत. विकायची घरे जितकी मोठी, तितक्या मोटारींच्या जागा जास्त. जमीन तर चाळीएवढीच लहान. मग मोटारी एकावर एक चढतात आणि रस्त्यालगत चार-पाच मजल्यांची बंद भिंत उभी राहते. हाच तो पोडियम. माणसांची घरे त्याच्या वर सुरू होतात. अशा पुनर्विकासात आजूबाजूच्या मोकळ्या जागांतही सवलत मिळते. म्हणजे ज्या घरगल्लीचे तेरा फूट कमी पडत होते, ती घरगल्ली कागदावरून पुसली जाते आणि तिच्या जागी चाळीस फुटांऐवजी कितीतरी पट उंच सावली येते. मुलांच्या खेळण्याची जागाही पोडियमच्या गच्चीवर सरकू लागली होती. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी असा निर्णय दिला, हे वाचून मला बरे वाटले. कोणीतरी जमिनीची आठवण ठेवली!

शेजारच्या गल्लीत असा एक मनोरा उभा आहे. पूर्वी तिथे तळमजल्यावर सात दुकाने होती. आता भिंत, एक मोठे फाटक आणि पहारेकरी. संध्याकाळी क्लासहून येताना मी त्या भिंतीच्या बाजूने न येता वळसा घालून येते. कारण सांगण्यासारखे काही घडलेले नाही. एवढेच, की तिथे कोणी बसलेले नसते.

गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले हे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक परत आत गेलेच नाहीत. आजोबाही त्यांतले. गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या नियमावलीतील कलम ५८ म्हणत होते की ही जमीन विकसित करताना एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनी सुट्या सुट्या न पाहता एकत्र आखाव्यात, म्हणजे चालायला आणि बसायला सलग जागा मिळेल, असे सुचवले. तसे झाले नाही. २००१ साली नियमात बदल झाला आणि वाटणी सगळ्या जमिनीची न करता ज्यावर बांधकाम नव्हते तेवढ्याच मोकळ्या जमिनीची करायचे ठरले. गिरणीच्या आवारात शेडच शेड. मोकळी जमीन ती किती? प्रकरण न्यायालयात गेले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम केला. ‘जमीन’ याचा अर्थ ‘मोकळी जमीन’ एवढाच राहिला आणि शहराच्या वाट्याची कितीतरी मैदाने, कितीतरी घरे गेली.

गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या. पण कचेरीत काम करणारा माणूस पंधरा मिनिटांच्या चालीवर राहणारा नव्हता. तो विरारहून येतो, बदलापूरहून येतो, आणि उतरतो तो गिरण्यांच्या काळातल्याच अरुंद जिन्यावर. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पाऊस पडत होता, आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. त्या दिवशी मी शाळेत होते. आईने दुपारी येऊन मला घरी नेले, हात इतका घट्ट धरून की बोटे दुखली. एफएसआयचा हिशेब करताना त्या जिन्याची रुंदी कोणी मोजली होती काय, हे मला नियमावलीत सापडले नाही.

प्रकल्प संपल्यावर मी एका वहीच्या पानावर चार प्रश्न लिहिले. तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून दुकाने असणार की पोडियमची भिंत? आपले फाटक आणि विकायच्या घरांचे फाटक एकच असेल की वेगळे? मुलांची जागा जमिनीवर किती? आणि खालच्या मजल्यावरच्या खिडकीसमोर किती फूट मोकळे? माझी आई रोज अठरा डबे करते. डबेवाल्याला वर यावे लागत नाही, गिऱ्हाईक खालून हाक मारते. चौदाव्या मजल्यावर हाक पोचत नाही, म्हणून तिच्यासाठी पाचवा प्रश्न घातला, ‘घरात डबे करायला परवानगी असेल काय?’

दिवाळीनंतरच्या सभेत बाबांनी मला उभे केले. पाय कापत होते. बिल्डरच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “बाळ, रस्त्याचा विषय महापालिकेचा असतो.” मागून कोणीतरी म्हणाले, पोरीमुळे काम लांबेल. तेही खोटे नाही. ते बोलणाऱ्या काकांचे छत आमच्यापेक्षा जास्त गळते. पण तळमजल्यावरच्या मावशींनी वहीचे पान मागून घेतले आणि चौथा प्रश्न पुन्हा मोठ्याने वाचला. त्याचे उत्तर लेखी देऊ, असे सभेच्या इतिवृत्तात लिहून घेतले गेले.

चाळीत खोल्या ६४. ५१ टक्क्यांसाठी ३३ सह्या लागतात. २२ झाल्या आहेत. आमचे संमतीपत्र आजोबांच्या ट्रंकेत त्यांच्या गिरणीच्या पासाखाली ठेवले आहे. लेखी उत्तर अजून यायचे आहे. पुढची सभा एप्रिलमध्ये, माझी परीक्षा झाल्यावर.